हवा मोजणारे काकाजी

चंद्रपूरच्या तुकूम भागातले हे काकाजी ओळखायला सोपे. सकाळी भेटले की 'झाला का चहा' असं विचारत नाहीत. "एकशे अडुसष्ट!" एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. नवा माणूस समजतो, रक्तातली साखर सांगत असतील. गल्लीला ठाऊक असतं, ही हवा आहे.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथं आणि महाराष्ट्रात पहिलं आलं. पुढे होते फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. काकाजी हा निकाल अशा काही आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याने पेढे मागावेत. स्वतःच्या मुलाला बारावीत किती पडले होते, हे मात्र त्यांना काकूंना विचारावं लागतं.

त्यांची उभी नोकरी औष्णिक वीज केंद्रात गेली, तीही राखेच्या खात्यात. तेव्हा त्यांना धूळ दिसली नाही. निवृत्त झाले आणि दिसू लागली. सुरुवातीची पद्धत देशी होती. गच्चीवर पांढरी बशी ठेवायची आणि संध्याकाळी तिच्यावर बोट फिरवायचं. काळं निघालं तर कोळसा खाणीचा, राखाडी निघालं तर चिमणीची राख, पांढुरकं असेल तर घुग्घुसकडचं सिमेंट. बोट नाकाशी नेऊन ते निदान करत, आणि सांगतो, वैदूपेक्षा आत्मविश्वास दांडगा. मग प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून हातात मावेल असं यंत्र आलं. राखेने दिलेला पैसा राख मोजायला लागला, यात त्यांना काही गमतीचं वाटत नाही.

यंत्राचा पहिला बळी स्वयंपाकघर. काकूंनी मिरचीचा तडका दिला आणि पडद्यावर पाचशेचा आकडा फडकला. "गंभीर श्रेणी! खिडकी उघडा!" काकाजी ओरडले. खिडकी उघडली, तर बाहेरची धूळ आत आली. "काहून उघडली जी? बंद करा!" त्या दिवशी काकूंनी झाकण आपटून निकाल दिला, "एक तर यंत्र राहील घरात, नाही तर भाजी." तेव्हापासून यंत्र गच्चीवर असतं.

सरकारी यंत्रं शहरात दोन, त्यांतलं एक खुटाळ्याच्या एमआयडीसीत. गल्लीतली हवा तिथे कशी कळणार, हा काकाजींचा सवाल अगदी रास्त आहे, म्हणून मी ऐकून घेतो. दुसरा सवाल याहून तिखट. सूक्ष्म धुळीची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे ६०, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते १५. "नाक एकच आन मापं दोन!" दमट धुक्यात काकाजींच्या यंत्रासारखं स्वस्त यंत्र मात्र आकडा फुगवून दाखवतं, कारण कण पाणी पिऊन लठ्ठ होतात. हे त्यांना पक्कं माहीत आहे. बोलत नाहीत.

पुण्याचा भाचा हिवाळ्यात फोन करतो, "मामा, आज आमचा आकडा तुमच्यापेक्षा वर." काकाजींना ते झोंबतं. आमच्याच विजेवर तुमचे दिवे, आणि धूळही आमच्याहून जास्त? पावसाळ्यात तर माणूस ओळखू येत नाही. जुलैत हवा 'चांगली' आली की जेवण निम्मं होतं. "पाऊस लय झाला यंदा," म्हणत यंत्राला फडक्याने पुसत बसतात.

एप्रिलमध्ये गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या अलीकडे एका लग्नाला आम्ही सोबत गेलो. यंत्र अर्थातच मांडीवर. आष्टी सोडल्यावर सुरजागडचे लोहखनिजाचे ट्रक लागले. रस्त्याकडेची पानं तांबडी, आमचे सदरे तांबडे, आणि काकाजी खुशीत. पुढे दाट जंगल आलं, आकडा घसरला आणि चेहराही. "एवढी झाडं कशाला," असं ते पुटपुटल्याचं मला ऐकू आलं; ते नाकारतात.

गावात पोचलो तर सगळीकडे धूर. मोहफुलं नीट दिसावीत, वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, त्याचा. काकाजी उतरले ते थेट झाडाकडे. टोपली घेतलेली एक म्हातारी त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"काय मोजून राहिले जी?"

"धूर."

"धूर तं दिसूनच राहिला ना."

"आकडा लागते, माय. आकड्याबिगर अर्ज घेत नाही कोणी."

"मंग आकडा देला का धूर जाते?"

काकाजींनी चष्मा पुसला. "मुहूर्त जवळ आला जी," मला म्हणाले, आणि अक्षता आणायला मांडवाकडे निघाले.