मीटरकाका

पुण्या-मुंबईत हॅम रेडिओवाले कुठेही जमले, की त्यांच्यात एक मीटरकाका असतातच. गळ्यात चष्म्याच्या दोरीशेजारी मल्टिमीटर, कॉलसाइन व्हीयू-टूचा, नोकरी बँकेतली किंवा टेलिफोन खात्यातली, आता निवृत्त. तुम्ही कौतुकानं नवा सेट दाखवायला नेता. काका आधी वायरी बघतात.

"ही लाल प्लसची? कोण म्हणतं?"

वायरीचा रंग हा काकांच्या लेखी पुरावा नाही, अफवा आहे. मीटरवर १३.८ दिसलं आणि आकड्यापुढे वजाचं चिन्ह नसलं, तरच सेट जोडायची परवानगी.

फ्यूज हा त्यांचा हळवा विषय. प्लस-मायनस उलटं लागलं तर बऱ्याच सेटमध्ये आत आडवा बसवलेला डायोड सगळा करंट अंगावर घेतो, फ्यूज उडतो, सेट वाचतो. पण एखाद्या महाभागानं फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून ठेवली असेल, तर आधी डायोड जळतो, मग ट्रॅक, आणि मग काका. "पण डायोड सरळ प्लसच्या वायरीतच का नाही घालत?" असं एखादं नवखं पोर विचारतं. काका याच प्रश्नाची वाट बघत असतात. १०० वॉटचा सेट बोलताना २० अँपिअर ओढतो, डायोडवर ०.७ व्होल्ट खर्ची पडले तर १४ वॉट नुसती उष्णता. "त्यावर काय चहा ठेवणारेस?"

माइकबद्दल तर बोलूच नका. आठ पिनांचा गोल प्लग केनवूडचाही तसाच, आयकॉमचाही तसाच. पण केनवूडचा पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचं बटण, जिथे, त्या दोन नंबरच्या पिनवर आयकॉम ८ व्होल्ट देतो. "बसला म्हणजे जमला असं नसतं," काका म्हणतात, "जावयाचंही तसंच." जावई त्या वेळी घरात नाहीत, हे त्यांनी आधी तपासलेलं असतं.

काकूंचं नेलपॉलिश केबलींना खुणा करण्यात संपतं. मुलगा सुट्टीला आला, तर त्याच्या लॅपटॉपच्या चार्जरचं टोक कापलेलं! १९ व्होल्टची ती पिन काकांच्या एका छोट्या सेटमध्ये आरामात बसत होती. "अहो, निदान विचारायचं तरी!" काकू म्हणाल्या. विचारेपर्यंत कोणी लावली असती म्हणजे?

लोकांना वाटतं, काकांचा जगावर विश्वास नाही. जगाचं सोडा, त्यांचा खरा संशय रात्री साडेअकराच्या काकांवर असतो. लांबचं स्टेशन ऐकू येतंय, हे टेबलाखाली वाकलेले, टॉर्च दातांत, चष्मा कपाळावर. त्या इसमाला चूक करताच येऊ नये म्हणून सगळीकडे अँडरसन पॉवरपोल: लाल-काळी जोडी नीट जुळवून ठेवली, की उलटी बसतच नाही. अँटेना स्विचच्या रिकाम्या जागेवरही अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे भलतीकडे फिरवून पीटीटी दाबला तरी सेट शाबूत.

असा सेट फील्ड-डेसाठी उसना मागून बघा. काका नाही म्हणणार नाहीत. सेट मिळेल तो केबलसकट, सप्लायसकट, चार जादा फ्यूजसकट आणि काकांसकट. त्यांच्या जेवणाचं तेवढं तुम्ही बघायचं.