चुलीवरचं, शेजाऱ्यांसकट

आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून ‘चुलीवरचं मटण’ सुरू झालं आणि दुसऱ्या मजल्यापर्यंतची बिऱ्हाडं फुकटात गावाकडची झाली. गिऱ्हाईक बसतं काचेआड, एसीत. चूल मागच्या बोळात: ओलसर बाभळीचं सरपण, मावशींच्या हातात फुंकणी, डोळ्यांना पदर. दोरीवरचा पांढरा सदरा संध्याकाळी धुराचा वास आणि काजळीचे ठिपके घेऊन घरात येतो.

मालक म्हणाले, “साहेब, आपल्या आज्या धुरातच जगल्या की!” जगल्या खऱ्या, खोकत. त्यांच्या सुनांची सुटका व्हावी म्हणून २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. आता चूल शहरात नोकरीला लागलीय, तीही चढ्या पगारावर.

पीएम २.५ या बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठेवलीय, आपल्याकडे ६०. भारतीय फुप्फुसं चौपट कणखर, असा हा सरकारी गौरव असावा.

तक्रारीची दखल मात्र घेतली गेली. धुराडं चार फूट वाढवलं. आता तिसरा मजला बोंबलतोय आणि दुसऱ्या मजल्यावरचे समजूत घालतात, “एवढं काय हो, रस्सा फक्कड असतो त्यांचा!”