सीतेपासून हिडिंबेपर्यंत

डिसेंबर लागला की डोंबिवलीत दोन गोष्टी मिळेनाशा होतात. एक, शाळेच्या गॅदरिंगसाठी नाट्यगृहाची तारीख आणि दुसरी, लांब केसांचा बऱ्यापैकी टोप. तारखेच्या मागे शाळा पावसाळ्यापासूनच लागलेल्या असतात. टोपाची आठवण मात्र आयांना कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला होते. मग भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात असे संवाद कानावर पडतात :

"सीता आहे का हो?"

"सीता सकाळीच गेली, ताई. त्राटिका आहे. देऊ?"

"अहो, माझी मुलगी पहिलीत आहे!"

"मग जरा विंचरून घ्या. होईल सीता."

दुकानदार थट्टा करत नसतो. सीता आणि त्राटिका हे मुळात एकाच टोपाचे दोन आश्रम आहेत. टोप नवा येतो तेव्हा त्याच्या लाटा एकसारख्या, बटा सुट्या आणि मानेवरचा भाग मऊ असतो. पहिल्या मोसमात तो सीता करतो, शकुंतला करतो, हल्ली एखादी जलपरीही करतो. दुसऱ्या वर्षी मानेजवळ गुंता धरायला लागला की त्याची द्रौपदी होते. तिचे केस मोकळे आणि विस्कटलेले असायला खुद्द महाभारताची परवानगी आहे. तिसऱ्या वर्षी शूर्पणखा, हिडिंबा. पुढे एक दिवस त्यातून कंगवाच फिरेनासा होतो. तेव्हा दुकानदार सगळे केस डोक्यावर घेऊन गाठ मारतो, तिला रुद्राक्षांची माळ गुंडाळतो आणि टोप विश्वामित्र होऊन तपाला बसतो. संसारातून वैराग्याकडे इतकं रीतसर जाणं माणसांनाही जमत नाही.

या अधोगतीला (किंवा उन्नतीला) कारण आहे तो त्याचा धागा. हे केस म्हणजे प्लास्टिकच्याच नात्यातला धागा. जपानमधल्या कानेका कंपनीने १९५७च्या सुमारास कानेकालोन हा मोडॅक्रिलिक धागा काढला. त्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या जिवावर आज जगभर स्वस्त टोप विकले जातात. धागा नळीवर गुंडाळून वाफेने तापवायचा आणि तसाच थंड होऊ द्यायचा, की ती लाट त्याच्या अंगात मुरते. नंतर धुतला तरी लाट जात नाही. या एका गुणावर मी त्याचे बरेच अपराध पोटात घालते. जुलै महिन्यात आपल्या डोक्यावरचे खरे केस हवेतली ओल पिऊन फुगलेले, चिकटलेले असतात. त्या दिवसांत अख्ख्या डोंबिवलीत धड बसलेले केस फक्त खोटेच. पण खऱ्या केसाला मुळातून तेल मिळतं, याला मूळच नाही. घासला गेला की कायमचा घासला गेला. आणि लांब टोप सगळ्यात जास्त घासतो मानेशी. तिथे शालूची जर, पोलक्याचा गळा, दप्तराचा पट्टा असे सगळे शत्रू एकत्र नांदतात. म्हणून बाई चेहऱ्यावरून म्हातारी दिसते, टोप मानेवरून.

खऱ्या केसांचा टोप का घेत नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे : किंमत. यात एक गंमत मात्र आहे. फणीत निघालेलं गुंतवळ आपल्याकडच्या बायका जपून ठेवायच्या आणि केसांवर भांडी किंवा फुगे देणारी दारावर आली की तिच्या हवाली करायच्या. अजूनही कुठे कुठे करतात. ते गुंतवळ हातोहात फिरत कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी सोडवलं, निवडलं जातं आणि परदेशी जातं. तिरुमलाला भाविक जिथे केस अर्पण करतात त्या जागेचं नाव तर कल्याणकट्टा. तिथल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं. म्हणजे आपले केस परदेशी आणि आपल्या सीतेच्या डोक्यावर प्लास्टिक. कल्याणच्या माणसाला कल्याणकट्टा हे नाव ऐकून आधी आपलाच कट्टा आठवतो, ती गोष्ट निराळी.

टोप घ्यायला जाणारे आधी रंग बघतात, मग लांबी, मग पैसे. पण पहिला प्रश्न वेगळा हवा : हा टोप किती लांबून बघितला जाणार आहे?

मराठी नाटक-सिनेमाची पहिली बरीच वर्षं या एका प्रश्नाच्या उत्तरावर तरली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम अण्णा साळुंक्यांनी केला आणि सीताही त्यांनीच. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीही तेच होते. 'लंकादहन'मध्ये तर एकच माणूस, एकच चित्रपट. देवाची देवी व्हायला लुगडं आणि केस पुरले. दंड पुरुषी आहेत हे काय प्रेक्षकांना दिसत नव्हतं? दिसत असणारच. पण लोकांना ते बघायचं नव्हतं, आणि टोपाला याहून जास्त मदत लागत नाही. बालगंधर्वांची तर गोष्टच वेगळी. त्यांच्यासारखा अंबाडा, त्यांच्यासारखा पदर घरंदाज बायका घेऊ लागल्या. ठाण्यातल्या तलावपाळीवरचं रंगायतन ज्या गडकऱ्यांच्या नावाचं, त्यांच्या 'एकच प्याला'तली सिंधू बालगंधर्वांचीच. खऱ्या केसांच्या बायकांनी टोप लावलेल्या पुरुषाकडे बघून आरशासमोर उभं राहावं, यापुढे कुठल्या पार्लरची जाहिरात काय टिकणार? ही परंपरा आपल्याकडे अजून पुरती संपलेलीही नाही. मालवणी जत्रेत दशावतार लागला तर रंगपटात डोकावून बघा. मिशी काढून आलेला दादा पेटी उघडतो, केस लावतो, गजरा माळतो आणि उठतो तो राणीसाहेब होऊनच. आपण मघाशी त्याच्याच शेजारी वडे खाल्ले हे आपल्याला आठवतही नाही.

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. पेशाने दंतवैद्य असलेल्या या नटाने 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी गाजवला, १९६२ साली. ऐतिहासिक नाटकात पुरुषालाही खांद्यावर रुळणारे केस लागतात, आणि हौशी संस्थांचे टोप तिथेच उघडे पडतात. बाई पदर घेऊन अर्धं डोकं झाकू शकते. कपाळावरची जाळीची कड लपवायला पदरासारखी दुसरी सोय नाही, म्हणून माझ्या हिशेबात जिजाऊ ही सगळ्यात स्वस्त भूमिका. युवराजांना जिरेटोप मिळाला तर ठीक, नाहीतर त्यांनी कपाळावरची कड मेकअपवाल्याच्या भरवशावर सोडायची.

रंगमंचावरच्या टोपाबद्दल एक गोष्ट नवख्यांना पटत नाही. काळाकुळकुळीत टोप घेऊ नये. दिव्यांच्या झोतात त्याच्या लाटा दिसतच नाहीत. डोक्यावर नुसता काळा गठ्ठा दिसतो. किंचित तपकिरी झाक असलेला टोप मागच्या रांगेतून काळाच दिसतो, आणि बटाही दिसतात. दुसरं म्हणजे चकाकी. नवा सिंथेटिक टोप फ्लॅशमध्ये बाहुलीच्या केसांसारखा चमकतो. त्यावर साधी टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरायची आणि झटकायची. भांगाची जागा पांढरट दिसत असेल तर आपल्या कातडीच्या रंगाची कॉम्पॅक्ट तिथे दाबायची. मागून मान उघडी पडत असेल तर गजरा.

पूर्वी एवढं केलं की भागायचं. आता प्रत्येक बापाच्या हातात मोबाइल आहे, आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतला बाप बोटांनी ताणून लेकीची हेअरलाइन बघतो. नाट्यगृहाने राखलेलं अंतर फोनने घालवलं. पाडव्याच्या स्वागतयात्रेत तर अंतर नावालाही नसतं. नऊवारी, फेटा, गॉगल आणि त्याखाली कमरेपर्यंतचे नागमोडी केस अशी एखादी मोटरसायकलवरून गेली की चार जण सेल्फीला आडवे येतात. त्यात चैत्राचं ऊन. टोपाखाली डोकं शिजतं, हे त्या फोटोत कुठेच दिसत नाही.

आणि सगळ्यात कमी अंतर असतं ते अर्थातच लोकलमध्ये. सकाळच्या गाडीत डोंबिवलीला चढलेल्या बाईचं नाक पुढच्या बाईच्या भांगात असतं. चौथ्या सीटवर बसलेलीला तर शेजारणीच्या केसांचा शाम्पूही ओळखता येतो. कॉमिक कॉनला निघालेली पोरंपोरी जांभळ्या, चंदेरी केसांचे टोप घालून याच गाडीत शिरतात. त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार. पण मोकळ्या केसांवर आक्षेप आहे. गर्दीत कुणाच्या पर्सची चेन कुणाच्या केसात अडकते हा रोजचा प्रकार. खरा केस असला तर बाई ओरडते, सगळ्या जणी मिळून सोडवतात. टोप असला तर तो ठाण्याला उतरेल आणि डोकं घाटकोपरला जाईल. सैल वेणी घालावी, मोठा क्लचर लावावा आणि उतरल्यावर मोकळं सोडावं. वेणीने लाटा बिघडत नाहीत.

रोजच्या वापराचा टोप ही मात्र वेगळीच जात आहे. तो घेणाऱ्यांना बहुधा हौस नसते, गरज असते. कुणाला चाई लागलेली, कुणाचं थायरॉइड, कुणी केमोथेरपीतून उठलेली. (बाकीच्या सगळ्यांची केसगळती बोअरच्या पाण्याने होते, असं आमच्याकडचं सार्वजनिक निदान आहे.) आमच्या ओळखीच्या एका काकूंनी आजारपणानंतर टोप घ्यायचं ठरवलं. लग्नात त्यांचा शेपटा कमरेच्या खाली होता; तेवढाच हवा, असा हट्ट. सव्वीस इंची, भरगच्च, लाटालाटांचा टोप आला. पाच फुटांच्या काकू त्यात दिसेनात. घरी कुणाची बोलायची छाती होईना. शेवटी त्यांच्या सूनबाईच म्हणाल्या, "आई, छान आहे, पण तुम्ही कुठे आहात?"

काकू हसल्या आणि टोप घेऊन सरळ केस कापणाऱ्या मुलीकडे गेल्या. तिने तो त्यांच्या डोक्यावर ठेवूनच खांद्यापर्यंत आणला, विरळ करण्याच्या कात्रीने टाळूवरचा दाटपणा काढला, कानाशी दोन बटा तिरक्या केल्या. बाजारातून आलेल्या टोपात माणसाच्या डोक्यावर असतात त्याहून दाट केस असतात. खोटेपणा दिसतो तो तिथे. भांगही तिने जरा वाकडा केला, कारण सरळ रेषेचा भांग फक्त शाळेच्या ओळखपत्रावर असतो. पुढच्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या बायकांनी विचारलं, "काकू, केस कुठे कापलेत?" काकूंनी त्या मुलीच्या पार्लरचं नाव सांगितलं, त्यात खोटं काहीच नव्हतं. दोघी जणी तिथे जाऊन तसाच कट मागून आल्या. टोपाला याहून मोठी पावती मिळताना मी पाहिलेली नाही.

काकूंना एकच सवय मोडायला जड गेली. हा धागा आचेपासून जपावा लागतो. मोडॅक्रिलिक सहसा पेट घेत नाही, पण गरम वाफ लागली की समोरच्या बटा आकसून कुरकुरीत होतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणजे टोप घालून कुकरचं झाकण उघडायचं नाही, फोडणीवर वाकायचं नाही, आरतीच्या ताटावरून हात फिरवताना मान मागे. गरम इस्त्री तर नकोच. उष्णता सोसणारा धागा म्हणून वेगळा मिळतो, त्यालाही मर्यादा असते. काकूंनी स्वयंपाकघरात डोक्याला रुमाल आणि बाहेर टोप अशी वाटणी केली. काकांनी या निमित्ताने फोडणी शिकायला हवी होती, असं माझं मत आहे. ते कुणी विचारलं नाही.

धुणं सोपं आहे. बादलीभर गार पाण्यात टोपणभर शाम्पू, त्यात टोप बुडवून ठेवायचा. चोळायचा नाही, पिळायचा नाही. दुसऱ्या पाण्यात थोडं कपड्यांचं कंडिशनर. टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि उपड्या घातलेल्या कळशीवर सावलीत वाळत घालायचा. ओला असताना कंगवा लावायचा नाही. वाळल्यावर मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर वर न्यायचा. मुळाकडून खाली ओढणाऱ्या आईच्या हाताला हे शिकवावं लागतं. बाल्कनीत कळशी ठेवणार असाल तर शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. संध्याकाळच्या अंधारात ग्रिलमागे पाठमोरी बसलेली ती बाई बघून आमच्या वॉचमनने एकदा बेल वाजवून चौकशी केली होती.

आणि भाड्याचा टोप नेला असेल तर परत करण्याआधी आतले आकडे आणि पिना शोधून काढा. जाळीत अडकलेला आकडा पुढच्या मुलीच्या टाळूत घुसतो, आणि तिला वाटतं टोप असेच असतात. सैल वेणी घाला, पिशवीत गुंडाळा, कोंबू नका. डिपॉझिटची पावतीही सोबत न्या. तिच्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत.