जिभेच्या टोकावर बसलेल्या महाशयांस

रा. रा. .......... यांसी,
सा. न. वि. वि.

वर जागा कोरी आहे, राग नसावा. आपलं नाव आठवलं असतं तर पत्र लिहायची वेळच आली नसती.

परवा विदर्भातून गाडीभर पाहुणे आमचं राळेगणसिद्धी बघायला आले. यादवबाबांचं देऊळ दाखवलं, 1975 साली लष्करातून गावी परतलेल्या अण्णा हजारेंनी पदरमोड करून दुरुस्त केलेलं. नालाबांध, पाझर तलाव दाखवले. पाऊस जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर, पण शिवारात कसा मुरवला हे सांगताना माझी छाती जरा फुगलीच. तेवढ्यात एका गुरुजींनी वही उघडली. "तुमच्या गावाची ती पंचसूत्री सांगा बरं, लिहून घेतो."

मी बोटं मिटायला लागलो. नसबंदी. नशाबंदी. चराईबंदी. कुऱ्हाडबंदी. चार बोटं मिटली, अंगठा उभा राहिला तो राहिलाच. गुरुजींचं पेन वहीवर टेकलेलं. "बंदीच आहे काहीतरी," मी म्हणालो. एका पाहुण्याने मदत म्हणून "नोटाबंदी" सुचवली.

आणि आपण ओठाआड बसून मजा बघत होतात!

1966 साली अमेरिकेत ब्राउन आणि मॅकनील या दोघांनी विद्यार्थ्यांना अनवट शब्दांचे अर्थ वाचून दाखवले. शब्द सापडेना, पण त्याचं पहिलं अक्षर नि लांबी पोरं पुष्कळदा बरोबर सांगत. म्हणजे दारात चपला दिसतात, मालक हाकेला ओ देत नाही. माझंही तेच. सुरुवातीला जोडाक्षर, एकूण अक्षरं चार, इथवर मी पोचलो होतो. पण चार बंद्या उंबऱ्यात ठाण मांडून बसलेल्या, आपल्याला वाट कोण देणार?

गुरुजींनी पाचव्या आकड्यापुढे टिंबं दिली नि गाडी गेली.

तरी एकदा दर्शन द्यावे. कळावे.

आपला,
अंगठा उभा असलेला एक ग्रामस्थ

ता. क. – रात्री अडीचला लाईट आली म्हणून कांद्याला दारं धरायला गेलो. वाफा भरला, फावडं चिखलात रुतलं, जोर लावून उपसलं आणि आपण टपकलात! मी आनंदाने ओरडलो, "श्रमदान!"

बांधापलीकडे शेजारीही पाणी देत होता. त्याची बॅटरी पटकन विझली. मग अंधारातून आवाज आला, "उद्या बघू, दादा!"