टाकी झकास, नळ दुसरीकडे

रसायनशास्त्राचं २०२५ चं नोबेल भोकांना मिळालं. म्हणजे मिळालं सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना. पण तिघांची ख्याती भोकं रचण्याचीच. कोपऱ्यांवर धातूचे अणू, त्यांना जोडायला सेंद्रिय रेणूंच्या काड्या, आणि मध्ये ऐसपैस पोकळी. लाडकं नाव मॉफ. एखाद-दोन ग्रॅम पावडर घ्या, आतला पृष्ठभाग उलगडला तर फुटबॉलचं मैदान भरेल. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली संशोधकांनी लोखंडाच्या अशाच एका मॉफमध्ये चिकट पॉलिमर घातलं. या चिकटपणाची अक्कल खडकाला घट्ट धरून बसणाऱ्या शिंपल्यांकडून उसनी घेतलेली. त्या पावडरीने पाण्यातलं शिसं काही सेकंदांत टिपलं आणि पारा तर स्वतःच्या वजनाच्या दीडपट गिळला.

शिंपल्यांचा विषय निघालाच आहे, तर कितागावांच्याच जपानातल्या मिनामाताला जाऊ. तिथे चिस्सो कंपनी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना तयार होणारा विषारी पारा खाडीत सोडत होती. तिथले मासे-शिंपले खाऊन आधी मांजरं झटके येऊन मेली, मग माणसं. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. ओरड फारच वाढली तेव्हा, डिसेंबर १९५९ मध्ये, कंपनीने सांडपाणी शुद्ध करणारी टोलेजंग यंत्रणा उभारली. उद्घाटनाला खुद्द अध्यक्षांनी ग्लासभर पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखवलं. त्यांना काहीही झालं नाही. होणार कसं? पाऱ्याचं सांडपाणी त्या यंत्रणेतून सोडलेलंच नव्हतं! मुळात सेंद्रिय पारा काढण्यासाठी ती बांधलेलीही नव्हती. गावाची समजूत काढायला यंत्र हवं होतं, ते आलं. पारा सोडणं थांबलं १९६८ मध्ये.

(एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना यात काही नवल वाटलं नसेल.)

चिस्सोच्या त्या यंत्रणेतल्या टाकीत गळ्यापर्यंत मॉफ भरलं असतं तरी मिनामाताचं एक मांजरही वाचलं नसतं. पावडर कितीही हुशार असो, पाइप वळवणारा माणूस तिच्याहून हुशार असतो. आणि त्याला पकडण्याची क्षमता कुठल्या शोधनिबंधात मोजत नाहीत.

समजा, पाइप प्रामाणिक निघाला. पुढे? मिनामाताच्या खाडीतला गाळ उपसायला, भराव घालायला १९७७ मध्ये सुरुवात झाली; ते संपायला १९९० उजाडलं. ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली, वर छान बाग फुलली. खालच्या पाऱ्याचा फक्त पत्ता बदलला. मॉफचंही तेच. भोकं भरली की पावडर धुवावी लागते, आणि ते धुवण पुन्हा पाऱ्याचंच. ते कुठे ठेवायचं, याची निविदा मात्र प्रयोगशाळेत निघत नाही.