श्रीमान लेखी आश्वासन यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री लेखी आश्वासनसाहेब यांसी,
मुक्काम पोस्ट फाईल, मंत्रालय, मुंबई.

शिरसाष्टांग दंडवत, विनंती विशेष.

पत्रास कारण की, नाशकात मोर्चाचा मुक्काम पडला की धूर, कचरा आणि दुर्गंधी यांचे सगळे श्रेय मोर्चेकऱ्यांना दिले जाते. आपले नाव कोणी घेत नाही. हा अन्याय बघवेना, म्हणून लेखणी उचलली.

१२ मार्च २०१८ या शुभदिनी मुंबईत आपला जन्म झाला. ६ तारखेला आमच्या सीबीएस चौकातून निघालेली शेतकरी माणसे सुमारे १८० किलोमीटर चालून आली होती. दहावीच्या पोरांना पेपरला जाताना खोळंबा नको, म्हणून सोमय्या मैदानावरून रातोरात उठून ती आझाद मैदानात पोचली. त्यांच्या तळपायांच्या फोडांवर मलम म्हणून आपण अवतरलात. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असे आपण म्हणालात. सहा महिने कोणत्या पंचांगाचे, तेवढे लिहायचे राहून गेले. गडबडीत व्हायचेच.

नंतर आपण दर्शन दिले नाही, असे म्हणणाऱ्याची जीभ झडो. २०१९ च्या फेब्रुवारीत माणसे पुन्हा निघाली, तेव्हा नाशिकची वेस ओलांडते न ओलांडते तोच आपण सामोरे गेलात. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून निघालेल्यांना वासिंदपाशी गाठलेत. २०२४ च्या फेब्रुवारीत तर माणसे मुंबईला गेलीच नाहीत, इथेच जिल्हाधिकारी कार्यालयासमोर रस्त्यावर बसली. केवढी पायपीट वाचवलीत!

तो मुक्काम आपण डोळ्यांनी पाहायला हवा होता. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या बायांनी डांबरावर तीन दगड मांडले, गावाहून आणलेले सरपण सारले आणि वर भाताचे पातेले चढवले. पातेल्याखालचे डांबर मऊ पडत होते आणि धूर वाऱ्याबरोबर रस्ताभर पसरत होता. खरकटे पाणी कडेकडेने गटारात गेले, आणि गटार पुढे कुठे जाते हे नाशिककराला सांगायला नको. गोदामाईला आमच्या घरच्या सांडपाण्याची सवय आहे; पाहुण्यांचे मात्र तिला सोसत नाही, असे आम्ही जाणकार लोक म्हणतो.

शौचालयांबाबतचे आपले धोरण तर मला मनापासून आवडते. मुक्काम तात्पुरता, आपण आलात की माणसे उठणारच. मग हजारो माणसांसाठी सोय कशाला करायची? बाया पहाटे अंधार असतानाच दोघी-तिघी मिळून आडोसा शोधायला निघतात. उजाडल्यावर फिरायला आलेली मंडळी नाकाला रुमाल लावतात आणि पर्यावरणावर बोलतात.

कचऱ्याचे श्रेय मात्र एकट्या आपल्याला देता येत नाही, क्षमा असावी. माणसे ताट-तांब्या घरून आणतात. पाण्याच्या बाटल्या आणि वापरून फेकायच्या थाळ्या आम्ही शहरातले दयाळू लोक वाटतो, आणि वाटतानाचा फोटो काढून घरी जातो. फ्लेक्स पुढाऱ्यांचे, त्यावरचे हसरे चेहरे कुजता कुजत नाहीत. राज्याची प्लास्टिकबंदीही २०१८ च्या मार्चमधलीच, आपल्याहून जेमतेम अकरा दिवसांनी धाकटी. बहीण-भावाची प्रकृतीही सारखीच, कागदावर ठणठणीत.

२०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले. ताडपत्रीवर साचलेले पाणी काठीने ढकलत ते आपली वाट पाहत होते. आपल्याला वाटेत पाऊस लागला असेल.

आपले चुलतबंधू ‘नियोजन आराखडा’ यांचेही कौतुक केलेच पाहिजे. २०२७ च्या कुंभमेळ्यात साधूंचा मुक्काम पडणार, तर नळ, रस्ते, शौचालये यांचा विचार त्यांनी कितीतरी आधी केला. मुक्कामाला जागा हवी म्हणून तपोवनातली सुमारे १,८०० झाडेही त्यांच्या नजरेत भरली. नाशिककर झाडांना मिठ्या मारू लागले, तेव्हा एकाच्या बदल्यात दहा लावू असे उत्तर मिळाले. आपल्या घराण्याचा हिशेब पहिल्यापासूनच उदार! शेतकऱ्याच्या चुलीत चार काटक्या जळल्या तर ऱ्हास, आणि वड-पिंपळ पाडले तर पूर्वतयारी, हा बारकावा आम्हाला त्यांच्यामुळे उमगला.

पण महाराज, आपले खरे कर्तृत्व या रस्त्यावर दिसतच नाही. त्यासाठी सुरगाण्याच्या डोंगरउतारावर जावे लागते. वनहक्क कायदा २००६ चा. बाप कसत होता ती वनजमीन आज मुलगा कसतो. कसतो एकरात, पट्टा हाती येतो गुंठ्यांत, आणि सातबाऱ्यावर नाव चढायचे ते राहतेच. उद्या कोणी उठवेल अशी धास्ती असलेल्या जमिनीत आंब्याचे कलम कोण लावणार? उताराला बांध कोण घालणार? बँक तरी कशावर कर्ज देणार? तो नागली पेरतो, पाऊस माती वाहून नेतो आणि पुढच्या वर्षी तो आणखी थोड्या कमी मातीत नागली पेरतो. नाशकातला कचरा महापालिकेची गाडी दोन दिवसांत उचलते. ती माती मात्र दर आषाढात जाते. ही किमया आपण एक शब्दही न बदलता साधलीत.

आपल्या प्रकृतीस जपावे. कुठेही अंमलात येऊन दगदग करून घेऊ नये.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला नम्र,
एक नाशिककर

ता. क. पुढच्या मुक्कामाला तांदूळ आणि सरपण ते नेहमीप्रमाणे घेऊन येतील. फिरती शौचालये आणि पाण्याचे टँकर तेवढे आपण आधी धाडावेत. किती लागतील याचा अंदाज नसेल तर निवेदनांखालचे अंगठे मोजावेत. २०१८ पासूनचे सगळे आपल्याच फाईलीत आहेत.