फक्त एवढंच राहिलंय

विकतची कुठलीही वस्तू हातात आली की आमच्या शेजारचे काका ती आधी उलटी करून स्क्रू शोधतात. स्क्रू सापडले नाहीत तर त्या कंपनीबद्दल त्यांचं मत कायमचं वाईट होतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी घरीच पॉवर सप्लाय बनवला. दिवाळीत आलेला सुक्यामेव्याचा पत्र्याचा डबा, जुन्या टेपरेकॉर्डरचा ट्रान्सफॉर्मर, एलएम ३१७ आयसी आणि बाहेर एक नॉब. तो फिरवला की सव्वा व्होल्टपासून बारापर्यंत हवं ते घ्या. ‘विकतच्यात तरी आणखी काय असतं हो?’

विकतच्यात आकडा दिसतो, हे काकूंनी सांगायला नको होतं. ‘फक्त एवढंच राहिलंय,’ म्हणत काका लॅमिंग्टन रोडवर गेले आणि दोन वायरींचा चिमुकला डिस्प्ले घेऊन आले. कानस घासून घासून डब्याला चौकोनी भोक पडलं, लाल आकडे उजळले, पेढे वाटले. मग नॉब खाली नेला, तर तीनच्या आसपास डिस्प्ले गपकन विझला. ज्याचं मोजायचं त्याच्याच ताटात तो जेवत होता. ताट रिकामं झालं की डोळे मिटणारच! ‘सोपं आहे हो,’ म्हणत काका तीन वायरींचा घेऊन आले. लाल-काळी वायर आतल्या कपॅसिटरवर, तिसरी फक्त आउटपुटवर नजर ठेवायला.

आता डिस्प्ले म्हणे ९.१२, मल्टिमीटर म्हणे ९.०४. मागचा प्रीसेट फिरवून जुळवता येतं, पण खरं कुणाचं धरायचं? काकांनी इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर मागून आणला. त्याने तिसराच आकडा सांगितला. त्या रात्री काकांच्या खोलीतला दिवा बराच उशिरापर्यंत चालू होता.

तरी बिल्डिंगमधल्या पोरांच्या बंद गाड्या आणि तळमजल्यावरच्या आजींचा रेडिओ याच डब्यावर तपासले जातात. पैशांचं नाव काढलं तर काका रागावतात आणि काकूंना चहा टाकायला सांगतात.

काकूंनीही डब्याचा उपयोग शोधलाय. पाहुणे फारच रेंगाळले की त्या टेबल पुसता पुसता हळूच नॉब फिरवतात. पाहुण्यांची नजर लाल ९.३० वर जाते. ‘बाप रे, साडेनऊ?’ म्हणत ते चपला शोधतात. काका मात्र हळहळतात, त्यांना अजून प्रीसेट दाखवायचा असतो.